जव्हारचा संदर्भ यंत्राला का सापडत नाही?

एआयने रचलेले खोटे दाखले आता थेट कोर्टात पोचले आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे कुठल्याच न्यायालयाने दिलेले नव्हते. त्याच महिन्यात डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलिया सरकारला एका अहवालाच्या शुल्कातला काही भाग परत करण्याचे कबूल केले. त्या अहवालातही अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ होते.

असे दाखले प्रबंधातही शिरू शकतात. आपल्याकडे पीएच.डी.च्या प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी सक्तीची आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार या तपासणीतून संदर्भसूची वगळली जाते. सूचीतली नावे सगळीकडे सारखीच असणार, म्हणून ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे प्रबंधातला मजकूर चाळणीतून जातो आणि ज्या पुराव्यावर तो उभा आहे तो तसाच सुटतो. संदर्भ तपासणारे सॉफ्टवेअर हवे ते या जागी.

ते आधी मजकुरातले दाखले आणि शेवटची सूची यांचा मेळ घालते. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असे नाव लगेच उघडे पडते. मग प्रत्येक नोंदीतून लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक वेगळे काढून ते क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेच्या 15 कोटींहून अधिक नोंदींशी ताडून पाहते. जुळणी झाली की डीओआय, म्हणजे त्या लेखनाचा कायमचा क्रमांक, जोडला जातो. निबंध मागे घेतला गेला असेल तर इशाराही मिळतो. 2023 मध्ये क्रॉसरेफने मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’चा माहितीसाठा विकत घेऊन सर्वांना खुला केला. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर तर हा इशारा फुकट देते. वैद्यकाच्या किंवा रसायनशास्त्राच्या संशोधकाने अशी साधने वापरली नाहीत तर तो हलगर्जीपणाच म्हणायला हवा.

आता पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांवरचा प्रबंध घ्या. 1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि हे तालुके अभ्यासकांच्या नकाशावर आले. त्याआधीचा इतिहास लिहायचा तर 1882 चे ठाणे गॅझेटियर, के. जे. सावे यांचे 1945 चे वारल्यांवरील पुस्तक, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यांवाचून गत्यंतर नाही. यांतल्या बहुतेक साहित्याला डीओआय नसतो, मग यंत्र शेरा मारते: ‘आढळले नाही’.

परुळेकरांचेच उदाहरण पाहू. मराठी पुस्तक 1970 चे, त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार. इंग्रजी आवृत्ती ‘आदिवासीज रिव्होल्ट’ 1975 ची. सॉफ्टवेअरला रोमन लिपी सोयीची, त्यामुळे ते इंग्रजी आवृत्तीकडे झुकण्याची शक्यता अधिक. तशी जोडणी झाली की संशोधकाने दिलेला मराठी पृष्ठक्रमांक भलत्याच पानावर नेतो. देवनागरीतल्या आणि रोमनमधल्या गोदावरीबाई यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्तीही ठरू शकतात. आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवणाऱ्या तळटिपेतल्या ‘तत्रैव’ आणि ‘उ.नि.’ यांचा अर्थही त्याला लागेलच असे नाही. त्यात पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्यापूर्वीचे बहुतेक लेखन ‘ठाणे’ या नावाखाली, म्हणून ‘पालघर, कुपोषण’ असा शोध घेणाऱ्याच्या हातून जुने बरेच साहित्य निसटते.

माझी हरकत आहे ती यंत्राच्या शेऱ्यालाच निकाल मानण्याला. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नोंदलेले नाही’ एवढाच आहे. तो ‘खोटे’ असा वाचला गेला, तर मार्गदर्शकाच्या धाकाने विद्यार्थी गॅझेटियर आणि मराठी पुस्तके गाळेल आणि डीओआय असलेले दूरचे इंग्रजी निबंध भरेल. सूची हिरवीगार दिसेल, पण जव्हार त्यात नसेल.

उपाय अवघड नाहीत. ज्या संदर्भाला क्रमांक नाही, त्याच्या मुखपृष्ठाचे आणि उद्धृत पानाचे छायाचित्र, ग्रंथालयाचे नाव व दाखलअंक प्रबंधाला जोडावा आणि परीक्षकाने हे सारे स्वतः पाहावे. मुख्य जबाबदारी मात्र विद्यापीठांची, मराठी नियतकालिकांची आणि शासनाच्या प्रकाशन विभागांची आहे. क्रॉसरेफचे सदस्यत्व घेऊन जुन्या अंकांना आणि अहवालांना क्रमांक देता येतात. आदिवासी भागाच्या संशोधनावर पैसा खर्च होतो, त्यातला थोडा या नोंदणीवर व्हायलाच हवा. तोवर तपासणी सॉफ्टवेअरने करावी, निकाल मात्र पुस्तक उघडून पाहणाऱ्या माणसाने द्यावा.