पुढची गाडी दिसते, उभा ट्रक दिसेलच असं नाही

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, मधे सिग्नल नाही, दुचाकींना बंदी आणि कितीतरी अंतर सरळसोट रस्ता. अशा रस्त्यावर तासन्‌तास अॅक्सिलरेटरवर एकसारखा पाय धरून बसणं नकोसं होतं. म्हणून गाडी घेताना आता ‘अॅडाप्टिव्ह क्रूझ आहे का?’ असं आवर्जून विचारलं जातं. कधीकाळी महागड्या परदेशी गाड्यांपुरती असलेली ही सोय २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००सारख्या गाड्यांमधून मध्यमवर्गाच्या जवळ आली. आज बहुतेक कंपन्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये ती मिळते.

टेस्ट ड्राइव्हमध्ये पुढची गाडी हळू झाली की आपलीही हळू होते, हे पाहून घरचे खूश होतात. ही सोय कुठे थांबते, हे मात्र त्या दहा मिनिटांत कुणी सांगत नाही. आणि धोका नेमका तिथेच आहे.

साधा क्रूझ कंट्रोल एक वेग धरून ठेवतो, बस. तो बनवला राल्फ टीटर या अमेरिकी इंजिनिअरने. लहानपणीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे गाडीचे हिसके त्यांना फार जाणवत. १९५८च्या क्रायस्लर गाड्यांमध्ये त्यांचं हे उपकरण आलं. म्हणजे मुळात ही सोय प्रवास सुखाचा व्हावा म्हणून जन्मली, टक्कर टाळण्यासाठी नव्हे. पुढे तिला डोळे आले. बंपरच्या किंवा लोगोच्या मागे साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालणारा रडार आणि पुढच्या काचेमागे, आरशापाशी, कॅमेरा. काही गाड्यांत दोन्ही असतात, काहींत नुसता कॅमेरा. पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजायचा, ती हळू झाली की आपण हळू व्हायचं, ती गेली की ठरवलेल्या वेगाला परत यायचं, एवढंच तिचं काम. हेतू मात्र अजूनही सुखाचाच आहे, आणि बरेचसे गैरसमज हे विसरल्यामुळेच होतात.

‘पुढे काहीही आलं तरी गाडी आपोआप थांबते’

सगळ्यात घातक गैरसमज हा आहे, म्हणून यावर जरा थांबू.

रडारला पुढचं काय काय दिसतं? दिशादर्शक फलक, क्रॅश बॅरियर, ओव्हरब्रिजचे खांब, डोक्यावरच्या लोखंडी कमानी. हे सगळं धातूचं आहे आणि जागचं हलत नाही. प्रत्येक स्थिर वस्तूला घाबरून ब्रेक लागले असते, तर प्रत्येक पुलाखाली गाडी दचकली असती आणि मागचा ट्रक आपल्यावर आला असता. म्हणून ही यंत्रणा हलणाऱ्या वाहनांवर भर देते आणि स्थिर वस्तूंच्या बाबतीत हात राखून वागते. नव्या गाड्यांमध्ये कॅमेऱ्याची जोड असल्याने उभी गाडीही बऱ्याचदा ओळखली जाते. तरीही बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट इशारा असतो: उभ्या वाहनासाठी ब्रेक लागेलच असं धरून चालू नका, जास्त वेगात तर नाहीच.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये टेस्लाच्या ऑटोपायलटची चौकशी सुरू केली, ती अशाच ११ अपघातांवरून. या यंत्रणेचा एक भाग म्हणजे अॅडाप्टिव्ह क्रूझच. मदतीसाठी रस्त्यात थांबलेल्या, दिवे लुकलुकत असलेल्या पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या असलेल्या ठिकाणी या गाड्या जाऊन आदळल्या होत्या. आपल्याकडे तर टायर फुटला म्हणून लेनमध्येच थांबलेला, टेललाइट बंद असलेला आणि मागे दगड ठेवलेला ट्रक कुणाला नवा नाही. रात्री डिपरचा प्रकाश साधारण ५०-६० मीटर पोहोचतो. त्यापलीकडचा अंधार कॅमेऱ्यालाही अंधारच असतो.

समजा, ट्रक दिसला. तरी क्रूझचा ब्रेक किती जोराचा असतो? या यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १५६२२. महामार्गाच्या वेगात तिने सेकंदाला साधारण १२-१३ किलोमीटर प्रतितास एवढाच वेग कमी करावा, अशी मर्यादा त्यात आहे. प्रवाशांना हिसका बसू नये, हा त्यामागचा विचार. कोरड्या रस्त्यावर आपण ब्रेक पूर्ण दाबला, तर तोच वेग सेकंदाला २८-२९ने उतरतो. म्हणजे १०० किलोमीटर वेगातली गाडी क्रूझच्या ब्रेकने थांबवायला सुमारे ११० मीटर लागतात, तर पूर्ण दाबलेल्या ब्रेकने सुमारे ४८. वेग १२० असेल तर हेच आकडे १५९ आणि ६९ होतात.

अगदीच टक्कर होणार असं वाटल्यावर जोराने लागणारा स्वयंचलित ब्रेक ही वेगळी यंत्रणा आहे. ती शेवटच्या क्षणी जागी होते आणि महामार्गाच्या वेगात धडक टाळण्यापेक्षा तिचा जोर कमी करणं एवढंच बऱ्याचदा तिच्या हाती उरतं. दोन्ही यंत्रणा एकाच रडारवर चालतात म्हणून एकच समजल्या जातात, पण क्रूझच्या भरवशावर बसलेल्याने तिला आपला राखीव ब्रेक मानू नये.

‘गॅप सगळ्यात कमी ठेवा, नाहीतर लोक घुसतात’

हे वाक्य मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर रोज जाणारे लोक मोठ्या खात्रीने सांगतात. गॅपचं बटण दाबून दोन गाड्यांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. यंत्रणा ते सेकंदांत मोजते: सगळ्यात कमी म्हणजे साधारण एक सेकंद, सगळ्यात जास्त म्हणजे दोन किंवा त्याहून थोडं अधिक.

आता मघाचा उभा ट्रक पुन्हा पुढे आणू. तुमचा वेग १००, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पुढच्या कारला तो ट्रक दिसतो आणि ती शेवटच्या दीड सेकंदात बाजूच्या लेनमध्ये निसटते. ती असेपर्यंत ट्रक तिच्या आडच होता, तुम्हालाही आणि रडारलाही. ती सरकताच तो समोर येतो. गॅप एक सेकंदाची असेल तर ट्रकपर्यंत तुमच्याकडे सुमारे ७४ मीटर असतात, दोन सेकंदांची असेल तर १०२. भानावर येऊन ब्रेकवर पाय नेईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ४२ मीटर जातात. त्यात पूर्ण ब्रेकचे ४८ मिळवले की ९० होतात. दोन सेकंदांच्या गॅपमध्ये तुम्ही ट्रकच्या आधी थांबता, एका सेकंदाच्या गॅपमध्ये थांबत नाही. आणि क्रूझच्या मऊ ब्रेकला सोडून दिलं, तर १०२ मीटरही पुरत नाहीत. युरो एनकॅपने २०१८ मध्ये दहा गाड्यांच्या अशा यंत्रणांची चाचणी घेतली, तेव्हा पुढची गाडी अचानक बाजूला होऊन समोर उभी गाडी येण्याचा हाच प्रसंग मुद्दाम ठेवला होता. निष्कर्ष स्पष्ट होता: या यंत्रणा मदत करतात, पण डोळे आणि पाय चालकाचेच हवेत.

राहिला प्रश्न घुसणाऱ्यांचा. ते घुसतात, हे खरंच आहे. पण एक गाडी मधे आली आणि तुम्ही तिच्या मागे पुन्हा दोन सेकंदांचं अंतर धरलंत, तर तुमचं नुकसान दोन सेकंदांचं असतं. कळंबोली ते पुणे या प्रवासात वीस गाड्या घुसल्या असं धरलं, तरी चाळीस सेकंद जातात. चाळीस सेकंद वाचवण्यासाठी थांबायचं अंतर गमावणं हा व्यवहार मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही. शिवाय मधे शिरणारी गाडी बऱ्यापैकी आपल्या लेनमध्ये आल्याशिवाय यंत्रणा तिला आपली मानत नाही. बाजूच्याचा इंडिकेटर किंवा वळू लागलेलं चाक तुम्हाला आधी दिसतं. तेव्हा ब्रेकही तुम्हीच आधी लावा.

‘एकदा लावलं की कुठल्याही रस्त्यावर चालतं’

बटण दाबलं जाईल, पण चालेल असं नाही. नोव्हेंबरनंतर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे रिफ्लेक्टर नाही आणि ऊस ट्रॉलीबाहेर लांबवर आलेला. रडारला ट्रॉलीचा लोखंडी सांगाडा दिसला तरी बाहेर आलेल्या उसापासूनचं अंतर त्याला नीट कळत नाही. सळया नेणाऱ्या ट्रकचंही तेच: यंत्रणा ट्रकपासून अंतर राखते, सळईच्या टोकापासून नाही. लेनच्या कडेने जाणारी मोटरसायकल अरुंद असल्याने उशिरा दिसते किंवा निसटते. उलट्या दिशेने समोरून येणारं वाहन, रस्ता ओलांडणारा माणूस, गुरं, बैलगाडी यांच्यासाठी क्रूझ बनवलेलाच नाही. जिथे हे सगळं आहे, तिथे तो बंद हवा.

घाटातही बंद हवा. वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेबाहेर जाते, यंत्रणेला रस्ता मोकळा वाटतो आणि गाडी वेग घेऊ लागते, तीही वळणाच्या ऐन मध्यावर. कधी याच्या उलट होतं: बाजूच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं समजून ती विनाकारण ब्रेक लावते. एक्स्प्रेसवे सोडून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागतानाही हेच घडतं, कारण पुढची गाडी सरळ निघून जाते आणि आपली गाडी वळणात जोर धरते.

यातच भर ‘रिझ्यूम’ बटणाची. गाडीला आधीचा वेग आठवत असतो. सपाटीवर १०० लावला होता, घाटात क्रूझ बंद केला आणि मधेच सवयीने रिझ्यूम दाबलं, तर गाडी १०० गाठायला निघते. घाट संपल्यावर आधीचा वेग परत बोलावू नका, त्या वेळचा वेग नव्याने सेट करा.

‘पाय मोकळा आहे, कुठेही ठेवा’

अॅक्सिलरेटरवर पाय टेकला असेल, तर बहुतेक गाड्या असं समजतात की चालकाला वेग हवा आहे. मग पुढची गाडी हळू झाली तरी क्रूझ ब्रेक लावत नाही. मांडी घालून बसणं किंवा पाय मागे ओढून घेणंही वाईटच, कारण मघाचा दीड सेकंद मग अडीच होतो. टाच जमिनीवर आणि तळवा ब्रेकच्या समोर, ही जागा ठरवून घ्या.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. रस्ता किती निसरडा आहे हे यंत्रणेला कळत नाही. ती कोरड्या रस्त्यासारखीच गॅप धरते, पण टायरची पकड मात्र कमी झालेली असते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगले, तर पहिली गरज असते वेग हळूहळू सोडण्याची, आणि क्रूझ तर वेग टिकवायला बसलेला असतो. बंपरवर चिखलाचा थर बसला, काच धुरकटली किंवा दाट धुकं असलं की क्रूझ स्वतःहून बंद होऊ शकतो. डॅशबोर्डवर सूचना येते, पण त्याच क्षणी गाडी तुमच्या ताब्यात आलेली असते, म्हणून ती सूचना चुकवून चालत नाही. आणखी एक गोष्ट गॅरेजवाले नेहमी सांगत नाहीत. पुढची काच बदलली, बंपर काढून बसवला किंवा किरकोळ धडक झाली, तर कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. काही अंशांचा फरक दूरवर जाईपर्यंत एका लेनएवढा होतो. रडारसमोर जादा दिवे, जाडजूड नंबरप्लेट किंवा लोखंडी गार्ड लावू नका.

‘म्हणजे गाडी स्वतःच चालते’

नाही. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या मानल्या जातात. नुसता अॅडाप्टिव्ह क्रूझ पहिल्या पातळीवर येतो आणि त्याला लेनमध्ये गाडी मधोमध ठेवण्याची जोड मिळाली की दुसऱ्या. या दोन्ही पातळ्यांवर गाडी तुम्हीच चालवत असता, कायद्याच्या नजरेतही. पण काम हलकं झालं की लक्ष सुटतं, आणि वेगही वाढतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ही यंत्रणा चालू असताना चालकांनी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त आढळली. समृद्धीवर सरळ रस्त्याची गुंगी आधीच असते. पायालाही काम उरलं नाही, तर ती गुंगी वाढते. डोळे जड झाले तर क्रूझ हा उपाय नाही, गाडी विश्रांतीच्या जागी नेऊन थोडं झोपणं हाच उपाय आहे.

यावरून ‘आपल्या रस्त्यांवर हे फॅड नकोच’ असं म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही. मोकळ्या, कोरड्या, दुभाजक असलेल्या महामार्गावर, दिवसाउजेडी, गॅप पूर्ण ठेवून वापरला तर हा क्रूझ आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त शिस्तीने अंतर राखतो. तो चिडत नाही, मागून दिवे मारत पुढच्याच्या बंपरला चिकटत नाही, चार तासांनीही त्याचा पाय दुखत नाही. त्याच्यावर पुढची गाडी सोपवा. त्या गाडीच्याही पुढचं, दोन-तीन वाहनांपलीकडचं, तुम्ही पाहा. दूरवर कुणाचे चारही इंडिकेटर लुकलुकताना दिसले, तर क्रूझ काय करतो याची वाट न पाहता स्वतः ब्रेक दाबा.

प्रत्येक कंपनीची यंत्रणा थोडी वेगळी असते. एखादी गाडी शून्यावर येऊन थांबते आणि पुन्हा निघते. दुसरी ठरावीक वेगाखाली क्रूझ सोडून देते आणि पुढे ब्रेक तुमच्यावर येतो. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी मॅन्युअलमधलं ते प्रकरण काढा आणि तीन गोष्टी शोधा: उभ्या वाहनाबद्दल काय लिहिलं आहे, किती वेगाखाली क्रूझ सुटतो, आणि थांबल्यावर गाडी स्वतःहून निघते की नाही. आणि गाडी घरात आणखी कुणी चालवत असेल, किंवा पगारी ड्रायव्हर असेल, तर किल्ली हातात देण्याआधी या तीन गोष्टी त्यांनाही समजावून सांगा.