सफेद मुसळीचे मूळ आणि गाठीचा रोग

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या डोंगरांत मृगाच्या पावसाबरोबर सफेद मुसळीची हिरवी पाती जमिनीतून वर येतात. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव मुंबईजवळच्या बोरिवलीवरून पडले असले, तरी सातपुड्यातील लोकांना ती पूर्वापार परिचयाची आहे.

मुसळीचे मूळ कर्करोगाची गाठ विरघळविते, अशी समजूत मात्र घातक आहे. तिचा उगम कोठे आहे, हे पाहू. मुळात सॅपोनिनांखेरीज फ्रुक्टान नावाची बहुशर्करा असते. फळांतील साखरेचे अनेक कण साखळीसारखे जोडले गेले म्हणजे ती तयार होते. मुळांतून काढलेल्या बहुशर्करेने मानवी रक्तातील नैसर्गिक मारक पेशींना चेतना मिळते, असे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. या पेशी गाठीच्या पेशींवर हल्ला करतात, एवढे खरे.

परंतु काचपात्र म्हणजे रोग्याचे शरीर नव्हे. खाल्लेले फ्रुक्टान जठरात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाते व तेथील जंतू ते आंबवितात. तेव्हा चमचाभर चूर्ण दुधातून घेतल्याने काचपात्रातील परिणाम शरीरात घडेल, असे मानण्यास आधार नाही. जपानमध्ये शिताके अळंब्यातील लेंटिनान ही बहुशर्करा १९८५ साली जठराच्या कर्करोगासाठी मान्य झाली. तीही शुद्ध करून, शिरेतून आणि इतर औषधांच्या जोडीने द्यावयाची होती. मुसळीची मजल तेथवर गेलेली नाही.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्तनात किंवा मानेत न दुखणारी गाठ, तोंडातील न भरणारी जखम असे काही दिसल्यास त्या माणसास विनाविलंब नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पाठवावे. चूर्णाच्या भरवशावर गेलेले महिने परत मिळत नाहीत. कर्करोगाचे औषध म्हणून मुसळीची रोपे चढ्या भावाने विकणाऱ्यांपासून शेतकऱ्यांनीही सावध राहावे.

पुष्टिकारक औषधी म्हणून मुसळीला गिऱ्हाईक आहेच, पण भाव मिळतो तो पक्व मुळास. भर पावसात उपटलेली कोवळी मुळे वाळताना सुरकुततात, शिवाय बी पडण्यापूर्वीच झाड जाते. पाने पिवळी पडून गळाल्यावरही मुळे जमिनीतच ठेवावीत व साल गडद तपकिरी झाल्यावर काढावीत. फ्रुक्टान पाण्यात विरघळते. तेव्हा माती धुऊन टाकावी, पण सोललेली मुळे पाण्यात भिजत ठेवू नयेत.