पायाला पाणी

संपादकांनी विषय दिला मुलांना माती शिकवण्याचा, आणि गाव शुगर लँड. टेक्ससमधल्या या गावात आता ऊस नाही. १८४३ हे आपलं स्थापनावर्ष सांगणाऱ्या इम्पीरियल शुगरचा इथला कारखाना २००३ साली बंद झाला. उसाच्या रानांवर वसाहती उठल्या. त्यांत मराठी घरंही आहेत.

टेक्ससमध्ये शाळकरी मुलांची जमीन पारखायची स्पर्धा मात्र जोरात चालते. एफएफए आणि फोर-एच या शेतीशी जोडलेल्या युवा संघटनांची मुलं खणलेल्या खड्ड्यात उतरतात. चिमूटभर माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने तर्जनीवर दाबत तिची पट्टी काढायची. इंचाच्या आत तुटली तर पोयटा, दोन इंचांपुढे टिकली तर चिकण. मग खोली, उतार, धूप, निचरा पाहून जमिनीला एक ते आठमधला वर्ग द्यायचा. पहिले चार नांगराचे, पुढचे चराईचे नि जंगलाचे. यातला हट्टी नियम मला फार आवडला: सरासरी काढायची नाही. बाकी सगळं उत्तम आणि उतार तेवढा वाईट, तर वर्ग उतारावरून ठरतो. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या पोरांना हे पचायला जडच.

याच स्पर्धेतला दुसरा कागद घरबांधणीचा. माती तीच, इथे पाया टिकेल का, मैलापाणी मुरेल का? शुगर लँडकडची चिकण माती आपल्या मराठवाड्यातल्या काळीची चुलत बहीण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून इथे, ह्यूस्टनच्या परिसरात, कोरड्या उन्हाळ्यात लोक घराच्या पायाभोवती पाझरणाऱ्या नळ्या टाकून पाणी देतात. शेती सुटली, पाण्याची पाळी सुटली नाही!

सपाट, खोल जमीन नांगराला वरच्या वर्गाची आणि बिल्डरलाही सोयीची, ही खरी अडचण. शुगर लँड ज्या काउंटीत आहे त्या फोर्ट बेंडची लोकसंख्या २०१० साली ५,८५,३७५ होती, २०२० साली ८,२२,७७९. मुलं वर्ग ठरवतात, व्यवहार दुसरेच करतात.

शिवाय या कागदांवर एक रकाना नाही: राबलं कोण? २०१८ मध्ये इथल्या शाळा-जिल्ह्याच्या जेम्स रीस व्यवसायशिक्षण केंद्राचं बांधकाम चालू असताना ९५ जणांचे सांगाडे निघाले. उसाच्या मळ्यांना भाड्याने दिलेले कृष्णवर्णीय कैदी. सर्वांत लहान चौदाच्या आसपासचा. इथे कैदी पुरलेले असणार, हे तुरुंगातले माजी पहारेकरी रेजिनाल्ड मूर कित्येक वर्षं सांगत होते. सांगाडे दुसरीकडे हलवायचं घाटत होतं, त्याला विरोध झाला. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच आवारात त्यांचं पुन्हा दफन झालं. केंद्रातले वर्ग त्याआधीच भरू लागले होते.