यवतमाळच्या डोंगररांगा आणि वैशाखातील वादळे

सातमाळा-अजिंठा डोंगररांगेचे पूर्वेकडील फाटे यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड आणि दिग्रसच्या परिसरात पसरले असून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या या सपाट माथ्याच्या टेकड्या वाळवंटी नसल्या, तरी उन्हाळ्यात सागाची पाने गळून काळा बेसाल्ट उघडा पडतो तेव्हा त्यांना वाळवंटाचे कठोर, विलक्षण देखणे रूप येते. याच जिल्ह्यातील शिबला-पार्डी परिसरात याच खडकाचे बहुकोनी स्तंभ आढळले आहेत. लाव्हा थंड होताना आकुंचन पावून त्याला नियमित उभ्या भेगा पडतात आणि त्यातून अशी रचना घडते.

या प्रदेशाचे खरे वैभव मात्र एप्रिल-मे महिन्यांतील आकाशात आहे. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढते, बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प तिच्यात मिसळते आणि दुपारनंतर गर्जन्मेघ, म्हणजे दहा किलोमीटरहून अधिक उंच वाढणारे विजांचे ढग, उभे राहतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अंशतः वाफ होऊन विरतो, त्यामुळे गार व जड झालेली हवा जमिनीवर कोसळून चहूकडे पसरते. पावसाआधी येणारा धुळीचा लोट तो हाच. कधी गाराही पडतात, आणि शेतातील तीळ, भुईमूग किंवा झाडावरचा आंबा क्षणात झोडपला जातो, म्हणून या सौंदर्याचे वर्णन शेतकऱ्याच्या नुकसानीचा उल्लेख टाळून करणे अन्यायाचे ठरेल.