‘गुन्हा कबूल’ : दोन शब्दांची किंमत

दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात अशी तक्रार आमच्या व्यापारी वाचकांकडून आम्ही नित्य ऐकतो, व ती रास्तही आहे. परंतु त्याच इमारतीत, शेजारच्याच दालनात, जे खटले काही मिनिटांत निकालात निघतात त्यांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. न्यायाचा विलंब हा जसा अन्याय, तसाच न्यायाचा उतावीळपणाही अन्यायच होय. सार्वजनिक जागी बेशिस्त वर्तन केल्याच्या किरकोळ म्हणविल्या जाणाऱ्या खटल्यांकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ते याचसाठी.

प्रथम कायदा काय आहे हे पाहू. १८९० चा जिल्हा पोलिसांचा कायदा व १९०२ चा मुंबई शहर पोलिसांचा कायदा या दोहोंची जागा १९५१ च्या कायद्याने घेतली. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याचे ११० वे कलम रस्त्यात अगर लोकांच्या वावराच्या जागी अश्लील बोलण्यास व दंगेखोरपणे वा बेशिस्तीने वागण्यास मनाई करते. ११२ वे कलम शांतताभंग होईल अशा धमकावणीच्या व अपमानाच्या शब्दांस मनाई करते. आणि ११७ वे कलम या दोहोंस केवळ दंडाची शिक्षा सांगते. भर रस्त्यात मारामारी करून शांतता बिघडविली तर भारतीय न्याय संहितेच्या १९४ व्या कलमाखाली एक महिन्यापर्यंत कैद अगर एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारूच्या नशेत लोकांस उपद्रव देणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत चोवीस तासांपर्यंत कैद व दहा रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या ३५५ व्या कलमाने दंडाची मर्यादा एक हजारावर नेली व समाजसेवेची शिक्षाही प्रथमच घातली.

आता खटला चालतो कसा? आरोपीस मॅजिस्ट्रेटापुढे उभे केल्यावर आरोप काय आहे हे त्यास सांगावयाचे व गुन्हा कबूल आहे काय असे विचारावयाचे, ही पहिली पायरी. कबूल नसेल तर साक्षीपुरावा होतो. कबूल असेल तर ती कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावयाची, अशी नागरिक सुरक्षा संहितेची स्पष्ट आज्ञा आहे. आणि तिजवर दोषी ठरवावे की नाही हे कायद्याने मॅजिस्ट्रेटाच्या विवेकावर सोपविले आहे. हे शब्द कायदेकर्त्यांनी उगीच घातलेले नाहीत. ‘होय, भांडण झाले, पण आधी त्याने मला ढकलले’ असे म्हणणारा मनुष्य गुन्हा कबूल करीत नसून आपला बचाव सांगत असतो, हे त्याच्याच शब्दांतून ध्यानी यावे, हा त्यातील हेतू होय.

प्रत्यक्षात काय घडू शकते, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. बाजारपेठेतील एक हमाल घ्या. गाडी मागेपुढे घेण्यावरून तंटा झाला, शब्दाने शब्द वाढला, पोलिसांनी नाव लिहून घेतले. ठरल्या दिवशी तो कोर्टात येतो तो त्या दिवसाची मजुरी बुडवून. वकील नाही, कलमांची भाषा कळत नाही. शेजारी उभा असलेला कोणी अनुभवी मनुष्य त्याच्या कानात सांगतो, ‘कबूल म्हण, दंड भर आणि मोकळा हो, नाही म्हणालास तर तारखांमागून तारखा पडतील.’ हा सल्ला देणारा वाईट मनुष्य नव्हे, व त्याचा हिशेबही चूक नाही. दंडापेक्षा चार तारखांची बुडालेली मजुरी खरोखरच जड असते. म्हणून तो ‘कबूल’ म्हणतो. तो खरे बोलला की सोयीचे बोलला, हे विचारण्यास कोणास सवड नसते.

परंतु तो मोकळा होतो काय? कबुलीवर दोषी ठरलेल्यास अपील करावयाचे झाल्यास ते केवळ शिक्षेचे प्रमाण व तिची कायदेशीरता यांपुरतेच करता येते. दोष शाबीत झाला तो झालाच. पुढे सरकारी नोकरीसाठी साक्षांकन-पत्र भरताना, कोणत्याही कोर्टाने दोषी ठरविले आहे काय, दंड केला आहे काय, असे प्रश्न येतात. खरे लिहावे तर नोकरीची धास्ती, लपवावे तर असत्य कथनाचा ठपका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात, तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती लपविली असेल तर नेमणूक करणारा अधिकारी तिकडे काणाडोळा करू शकतो, असे सांगितले खरे. पण तेही अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिले.

आमचे म्हणणे कोणी विपरीत समजू नये. रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाही. बायकामुलांस रस्त्याने निर्धास्त चालता आले पाहिजे व दुकानदारास निर्धास्तपणे दुकान उघडता आले पाहिजे. कोर्टांवर कामाचा केवढा भार आहे हेही आम्ही जाणतो. परंतु कामाचा निपटारा हे न्यायाचे साधन होय, न्यायाचा पर्याय नव्हे.

यावर उपाय कोणता? नवा कायदा नको. आहे तोच पाळावा. कबुली घेण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटाने साध्या मराठीत दोन वाक्ये सांगावी : कबुली दिल्यास तू दोषी ठरशील व त्याची नोंद राहील, कबूल नसल्यास तुला बचाव करण्याचा हक्क आहे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतील माणसे व अल्प उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो हक्क कबुलीच्या आधी सांगावा, मागून नव्हे. आणि प्रथमच चुकलेल्यास समज देऊन सोडण्याची जी मुभा १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या तिसऱ्या कलमाने दिली आहे, तिचा उपयोग सढळ हाताने करावा. त्याच कायद्याचे बारावे कलम, अशा मनुष्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे अभय देते. सुधारण्याजोग्या मनुष्यावर कायमचा डाग ठेवून समाजाचे कोणते हित साधते?

आमच्या वाचकांचेही यात कर्तव्य आहे. आपल्या दुकानातील नोकरावर, गोदामातील हमालावर असा प्रसंग आला तर ‘दंड भरून टाक’ असे सांगून हातावर नोटा ठेवणे ही उदारता नव्हे. तारखेच्या दिवसाची मजुरी कापू नये, तालुक्याच्या विधी सेवा समितीची वाट दाखवावी, आणि खरोखरच चूक झाली असेल तर ती समजून उमजून कबूल करण्यास धीर द्यावा. समजून दिलेली कबुली मनुष्यास सुधारते. घाईने काढलेली कबुली त्यास केवळ खोटे बोलण्यास शिकविते, आणि तेही न्यायमंदिरात.