वाघाची वाट आणि आपलं वावर



परवा वावरात एका सभासद काकांनी विचारलं, "जंगलवाले वाघाच्या वाटेचे नकाशे काढून राहिले म्हणे. आपला गट त्यात आला तर जमीन जाते का?" प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात आहे, म्हणून आज फवारणीचा सल्ला बाजूला ठेवून यावरच लिहितो.

*आधी एक खरी गोष्ट*

फेब्रुवारी 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. कॉलरमुळे तो कुठं आहे याची नोंद उपग्रहावरून मिळायची. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीत जाऊन, आपल्याकडचे जिल्हे ओलांडत डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर सुमारे 1,300 किमी चालणं झालं होतं. त्याचं नावच 'वॉकर' पडलं.

वाटेत सलग जंगल नव्हतंच. नाले, रस्ते आणि आपल्यासारख्यांची वावरं. दिवसा पराटीत, झुडपात दडायचा, रात्री चालायचा. माणसाला इजा झाली ती एकदाच. तो बसला होता त्या झुडपात काही लोक शिरले, त्यात एक जण जखमी झाला.

*नकाशा कसा बनतो?*

पाणी जसं सोपा उतार धरतं, तसं जनावर कमी अडथळ्याची वाट धरतं. उपग्रहाच्या चित्रावर जमिनीचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येकाला अडथळ्याचे गुण देतात. जंगल, झुडपी नाला यांना कमी, शेताला थोडे जास्त, गाव, खाण, मोठा रस्ता यांना खूप जास्त. मग संगणक दोन जंगलांमधली सोपी वाट शोधतो. ती पाऊलखुणा, कॅमेऱ्यातले फोटो, कॉलरच्या नोंदी यांच्याशी ताडून बघतात. यालाच कॉरिडॉर किंवा भ्रमणमार्ग म्हणतात. 2014 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं देशातले असे 32 मुख्य मार्ग मांडले.

उपयोग बघायचा तर नागपूरकडून जबलपूरकडे जाणारा 44 नंबरचा महामार्ग बघा. पेंचजवळ त्यावर 9 ठिकाणी जनावरांसाठी खालून वाट सोडली आहे, सगळ्यात लांब 750 मीटरची. वरून ट्रक जातात, खालून वाघसुद्धा जातो.

*मग जमीन जाते का?*

नाही. गट भ्रमणमार्गात दिसला म्हणून सातबारा बदलत नाही, पेरणी थांबत नाही. खाण, महामार्ग अशी मोठी कामं आली तर त्यांना मात्र वन्यजीव मंजुरीची चाळणी लागते.

पण या नकाशात एक कमी आहे. नाला दिसतो, पराटी दिसते, पण धुऱ्यावरची करंटची तार आणि बिनकठड्याची विहीर दिसत नाही. ते फक्त आपल्याला माहीत असतं. आणि वाघ मरतो तो तिथंच. कधी जागलीला गेलेला आपला माणूसही.

*एवढं करा*

✅ कुंपणात थेट लाईनचा करंट सोडू नका. गुन्हा तर आहेच, जीवही जातो.
✅ विहिरीला कठडा बांधा. तोवर निदान काटेरी कुंपण करा.
✅ नाल्याकाठची झाडी राहू द्या, घर-कोठ्याजवळचं झुडूप साफ ठेवा.
✅ रात्री ओलिताला दोघं जा, बॅटरी घ्या, बोलत चला.
✅ रोही-डुकरानं पीक खाल्लं तर लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा, त्याच दिवशी वन विभागाला कळवा. हेल्पलाईन 1926.
❌ वाघ दिसला की ग्रुपवर टाकू नका. गर्दी जमते आणि मग झुडपात शिरणारे निघतातच. आधी 1926.

ज्यांच्या विहिरीला कठडा नाही, त्यांनी विहिरीजवळ उभं राहून लोकेशन मला पाठवा. आपल्या शिवाराची यादी मी करतो आणि ती घेऊन आपण वन विभागाकडे जाऊ. जंगलवाल्यांच्या नकाशातली ती कमी आपणच भरू शकतो.

आपला,
कृषी सल्लागार 🌱