‘हॅव’ आणि आपला ताप

रजेच्या अर्जांत ‘आय ॲम हॅविंग फीव्हर’ हे वाक्य पुष्कळदा आढळते. लिहिताना आपल्या मनात ‘ताप येत आहे’ असे असते, म्हणून ‘हॅविंग’ सहज उतरते.

‘मला भाऊ आहे’, ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’, ‘मला ताप आहे’ ही तिन्ही वाक्ये आपण ‘असणे’ या क्रियापदाने करतो. इंग्रजीत ते काम ‘हॅव’ करते. परंतु जवळ असणे ही स्थिती होय, क्रिया नव्हे. म्हणून तेथे अपूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. ‘आय हॅव अ फीव्हर’ असेच लिहावे. जेवणे ही मात्र क्रिया. तेव्हा ‘वुई आर हॅविंग लंच’ अगदी निर्दोष!

भुकेची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याला भूक लागते. इंग्रज स्वतःच भुकेला असतो: ‘आय ॲम हंग्री’. तेथे ‘हॅव’ला मुळी प्रवेशच नाही.